मॉडेल बनवताना होणाऱ्या इजा: टाळायच्या कशा, आणि झाल्याच तर काय करायचं

स्केल मॉडेलिंगमध्ये, म्हणजे विमानं-गाड्यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती जोडण्या-रंगवण्याच्या छंदात, सुरक्षिततेचा विषय निघाला की बहुतेक जण 'जपून काम करा' एवढं सांगून मोकळे होतात. हा सल्ला चुकीचा नाही, निरुपयोगी आहे. जपून काम करणाऱ्याच्या हातूनही चाकू निसटतो, बाटली कलंडते, डिस्क फुटते. म्हणून प्रत्येक कामाआधी एक वेगळा प्रश्न विचारायची सवय लावा: हे आत्ता निसटलं तर कुठे जाईल, आणि त्या वाटेत माझं काय आहे? वाट मोकळी असेल तर चूक झाली तरी फार तर किटचा (सुट्या भागांच्या संचाचा) एखादा भाग वाया जातो.

चाकूच्या जखमेतून रक्त येतं म्हणून तिची भीती वाटते. रेझिनची (साच्यात ओतून गोठवायच्या प्लास्टिकची) धूळ आणि थिनरची (रंग पातळ करायच्या द्रवाची) वाफ मात्र वर्षानुवर्षं काहीच दाखवत नाहीत. माझ्या मते या छंदात जास्त धाक त्यांचा असायला हवा. खाली दोन्ही प्रकार घेतले आहेत, पण सुरुवात टेबलापासून.

टेबल मांडताना

मॉडेलिंगच्या चाकूची मूठ गोल असते आणि गोल वस्तू घरंगळते. मुठीच्या मागच्या टोकाला चिकटपट्टीचा एक जाड वेढा द्या किंवा षटकोनी मुठीचा चाकू घ्या. चाकूसाठी टेबलाच्या काठापासून हातभर आत ठरलेली जागा ठेवा आणि हातातला चाकू दर वेळी तिथेच ठेवा. तरीही तो खाली पडलाच तर पकडायला जाऊ नका. खुर्चीत बसलेल्या माणसाचं काही पडलं की त्याच्या मांड्या आपोआप जवळ येतात. किटचा छोटा भाग पडला तर हे सोयीचंच, पण चाकू पडला तर तो थेट मांडीत घुसतो. उलट सवय मुद्दाम लावावी लागते: काही पडलं की पाय फाकायचे, हात वर. पायात बंद बूट किंवा जाड चप्पल हवी.

पिण्याचा कप आणि ब्रश धुण्याचा कप सारख्या आकाराचे ठेवू नका. पिण्याचं भांडं झाकणाचं असेल तर उत्तम, टेबलावर नसेल तर त्याहून उत्तम. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरण्याची सवय असेल तर आजच सोडा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवणाऱ्या तरुणी नेमकं हेच करायच्या, आणि त्यांच्यातल्या अनेकींचे जबडे किडून गेले. तुमच्या रंगात रेडियम नाही, पण काही लाल-पिवळ्या रंगद्रव्यांत कॅडमियम असतं आणि थिनर तर असतोच.

प्रथमोपचाराचं सामान वेगळ्या खोलीत नको, बसल्या जागी एका हाताने उघडता येईल असं हवं. जखम झाली की दुसरा हात ती दाबण्यात गुंतलेला असतो. त्यात निर्जंतुक गॉझ, चिकटपट्ट्या, रोलर बँडेज, डोळे धुण्यासाठी सलाईनची बाटली आणि टोकदार चिमटा एवढं पुरतं.

चाकू: सर्वाधिक जखमा इथेच

पहिली पायरी म्हणजे नवं पातं. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर लावलेला हात अडथळा संपताच थांबत नाही. स्टायरीन (किटचं नेहमीचं प्लास्टिक) कापताना कुरकुर आवाज येऊ लागला किंवा कापल्या जागी पांढरट कड उठू लागली, की पातं संपलं समजा. अकरा नंबरच्या (निमुळत्या, टोकदार) पात्याचं टोक तर धार जाण्याआधीच तुटतं आणि उडालेला तुकडा कुठेही जातो. पातं बदलताना ते बोटांनी धरू नका. मुठीची कॉलर (पातं आवळणारी कडी) सैल करून पातं पक्कडीने ओढा आणि नवंही पक्कडीनेच बसवा. कॉलर घट्ट आहे का, हे काम सुरू करताना एकदा आणि मध्ये एकदा तपासा, कारण वापरात ती हळूहळू सुटते.

दुसरी पायरी, भाग कुठे धरायचा. तळहातावर ठेवून कधीच कापू नये, तो मॅटवर टेकलेला हवा. बारीक किंवा गोल भाग असेल तर चिकट पुट्टीच्या गोळ्यात किंवा लहान क्लॅम्पमध्ये बसवा. दुसरा हात पात्याच्या मागे हवा, पुढे नाही. फळ सोलल्यासारखं पातं अंगठ्याकडे ओढत कापण्याची सवय जवळजवळ सगळ्यांना असते आणि ती सुटता सुटत नाही. ज्यांची सुटत नाही त्यांनी निदान अंगठ्यावर चामड्याची टोपी किंवा कापडी चिकटपट्टीचे तीन-चार वेढे घालावेत.

तिसरी पायरी, एका दमात काहीही कापू नका. जाड प्लास्टिक शीटवर पोलादी पट्टीच्या आधाराने दोन-तीनदा हलकी रेघ मारा आणि शीट त्या रेघेवर वाकवून मोडा. ती स्वच्छ तुटते. प्लास्टिकच्या पट्टीवर पातं चढतं आणि पट्टी धरलेल्या बोटांवर येतं, म्हणून पोलादी पट्टी, तीही खाली रबर किंवा बुच लावलेली. बोटांची टोकं पट्टीच्या कडेबाहेर डोकावत नाहीत ना, ते प्रत्येक रेघेआधी बघा.

स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) भाग सोडवायला चाकू वापरूच नका. निपरने (कापायच्या छोट्या पकडीने) आधी भागापासून थोडं लांब कापा, मग उरलेला खुंट जवळून कापा, आणि शेवटचा उंचवटा कानशीने किंवा सँडपेपरने घालवा. पारदर्शक भाग जास्त ठिसूळ असतात, त्यांना तर घाई अजिबात चालत नाही. साच्याची रेघ (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठलेली कड) काढायची असेल तर पात्याची धार नव्हे, पाठ वापरा. पातं उभं धरून पाठीने खरवडलं तर रेघ जाते आणि हात सरकला तरी फक्त ओरखडा उठतो.

कापलं तर

चाकू आधी खाली ठेवा. तो दुसऱ्या हातात तसाच धरून धावणारे लोक असतात.

जखम स्वच्छ वाहत्या पाण्याखाली धरा. गॉझ ठेवून दाबा, हात हृदयाच्या वर उचला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाब सोडू नका. 'थांबलं का बघू' म्हणून दर मिनिटाला गॉझ उचलला की धरू लागलेली गाठ पुन्हा सुटते. गॉझ भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा.

रक्त थांबल्यावर बोटाची परीक्षा घ्या. हे कुणीच करत नाही आणि सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे. बारीक पात्याची जखम वरून तीन-चार मिलिमीटरची दिसते, पण टोक सरळ आत जातं. बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकवून आणि सरळ करून बघा. मग बोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी हलकेच कापूस लावून स्पर्श सारखा कळतो का ते बघा. सांधा हलत नसेल, कमजोर वाटत असेल किंवा एक बाजू बधिर असेल, तर स्नायूबंध किंवा चेता कापली गेली असण्याची शक्यता आहे. जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. उशीर झाला तर तुटलेला स्नायूबंध आत सरकतो आणि दुरुस्ती अवघड होते.

जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, ती सांध्यावर किंवा चेहऱ्यावर असेल, किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तरीही डॉक्टर हवा. पात्याचं टोक जागेवर आहे का तेही पाहा. नसेल आणि मॅटवरही सापडत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, धातू एक्स-रेमध्ये दिसतो. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते आठवा: स्वच्छ छोट्या जखमेसाठी दहा वर्षांहून जास्त, आणि खोल किंवा मळलेल्या जखमेसाठी पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर ती घ्यायची वेळ झाली.

चाकू मांडीत किंवा पोटरीत रुतला असेल तर उपटू नका. आत तोच रक्तवाहिनी दाबून धरत असू शकतो. बाजूंनी कापड लावून तो हलणार नाही असं करा आणि मदत बोलवा. उसळ्या मारत येणारं लालभडक रक्त दिसलं तर पूर्ण ताकदीने दाबा आणि दाब न सोडता तातडीची वैद्यकीय मदत मागवा.

जखमेवर सुपर ग्लू?

मॉडेलर मंडळींत हा उपाय कौतुकाने सांगितला जातो, म्हणून थोडं सविस्तर. सुपर ग्लूमधलं सायनोॲक्रिलेट १९४२ मध्ये कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती लागलं. ते बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते आणि हा पदार्थ सगळ्यालाच चिकटतो म्हणून बाजूला पडला. गोंद म्हणून तो १९५८ मध्ये बाजारात आला. पुढे शल्यचिकित्सेतही त्याच कुळातला गोंद आला हे खरं. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेला गोंद ऑक्टिल प्रकारचा आहे. आपल्या टेबलावरचा बहुधा इथिल प्रकारचा असतो. तो घट्ट होताना जास्त उष्णता सोडतो, उघड्या मांसाला त्रास देतो, निर्जंतुक नसतो, आणि प्लास्टिकचा भुगा, रंग, मळ सगळं जखमेत कोंडून टाकतो. गॉझ दाबायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या.

बोटं एकमेकांना चिकटली तर ओढू नका, कातडी सोलली जाते. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि बोथट काडी मधून फिरवत हळूहळू सोडवा. न फाटलेल्या कातडीवर थोडा ॲसिटोन चालतो, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ मुळीच नाही. गोंदाचं बंद पडलेलं टोपण दातांनी उघडणं हा ओठ चिकटवण्याचा हमखास मार्ग आहे. तुंबलेली नळी चेहऱ्यासमोर धरून दाबली की आतला दाब एकदम मोकळा होतो आणि थेंब थेट डोळ्याच्या दिशेने येतो. नळी मॅटकडे वळवून टाचणीने साफ करा.

पापण्या चिकटल्या तर जबरदस्तीने उघडू नका. कोमट पाण्याने धुवा, वर ओला गॉझ ठेवा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा. पापण्या साधारण एक ते चार दिवसांत आपोआप सुटतात, पण आत बुबुळावर ओरखडा आहे का ते तज्ज्ञानेच पाहायला हवं.

फारशी माहीत नसलेली गोष्ट: पातळ सुपर ग्लू सुती किंवा लोकरी कापडावर सांडला की तो झपाट्याने घट्ट होतो आणि भाजण्याइतकी उष्णता निर्माण करतो. मांडीवरच्या पँटवर बाटली कलंडली तर कापड ओढत बसू नका, लगेच भरपूर थंड पाणी ओता. सुती हातमोजे घालून हा गोंद वापरू नका. गोंदाचा मोठा थेंब आणि त्यावर ॲक्सिलरेटर (गोंद झटकन घट्ट करणारा फवारा) मारला तर तो अक्षरशः उकळतो आणि वाफ डोळ्यांना झोंबते.

डोळे

निपरने कापलेला फोटोएचचा (पातळ धातूच्या पत्र्यातून कोरलेल्या बारीक भागांचा) तुकडा कुठे गेला, हे तुम्हाला बहुतेक वेळा कळत नाही. कळत नाही याचा अर्थच तो चेहऱ्याकडेही येऊ शकतो. फोटोएच काच किंवा फरशीसारख्या कडक पृष्ठावर ठेवा, भाग बोटाने किंवा चिकटपट्टीने दाबून धरा आणि सरळ धारेच्या पात्याने वरून दाबून तोडा. वाचायचा चष्मा पुरेसा नाही, तो बाजूंनी उघडा असतो. त्यावर बसणारा संरक्षक गॉगल मिळतो.

रोटरी टूलसाठी (हातात धरायच्या, डिस्क वेगाने फिरवणाऱ्या यंत्रासाठी) तर गॉगल अनिवार्यच. ही यंत्रं मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेऊ शकतात, आणि पातळ कटिंग डिस्क कापताना जरा तिरकी झाली की तिचे तुकडे होतात. तुकडे डिस्कच्या पातळीतच उडतात, म्हणून चेहरा त्या रेषेत नको. नवी डिस्क बसवली की यंत्र अंगापासून दूर धरून अर्धा मिनिट नुसतं फिरू द्या. भाग हातात न धरता छोट्या व्हाइसमध्ये बांधा. केस बांधा, बाह्या दुमडा, आणि फिरत्या यंत्रासोबत सैल हातमोजे घालू नका, ते गुंडाळले जाऊन हात आत ओढतात. प्लास्टिकवर वेग कमीच ठेवा, जास्त वेगाने ते कापण्याऐवजी वितळतं.

डोळ्यात नुसती धूळ गेली असेल तर पाण्याने धुवा, चोळू नका. थिनर किंवा सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) उडालं असेल तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा. काही रुतलं असेल तर मात्र धुऊ नका, दाबू नका, काढू नका. कागदी कप डोळ्यावर झाकून कडेने चिकटवा आणि तसेच इस्पितळात जा. वेगाने आलेला धातूचा कण फारसं न दुखता डोळ्याच्या आत जाऊ शकतो. यंत्रावर काम करताना काहीतरी लागल्यासारखं वाटलं आणि नंतर धूसर दिसू लागलं तर वाट पाहू नका.

धूळ

रेझिन, पुट्टी, फायबरग्लास, तळासाठीचं एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी), यातलं काहीही कोरडं घासू नका. ओल्या कामाचा काळा सँडपेपर पाण्यात बुडवून घासलं की धूळ चिखल होऊन खाली राहते, आणि कागद टिकतोही जास्त. कोरडं घासल्याशिवाय गत्यंतर नसेल तेव्हा एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क लावा. तो चेहऱ्यावर घट्ट बसला तरच कामाचा, दाढीतून हवा सरळ आत येते. टेबलावरची धूळ फुंकू नका, एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने) उडवू तर मुळीच नका. ओल्या कापडाने पुसा.

घरी दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन ओतणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: त्याच्या एका भागात आयसोसायनेट असतात आणि त्यांनी दमा जडू शकतो. एकदा शरीर त्यांना वैरी मानू लागलं की अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. रेझिन ओतल्यानंतर त्याच रात्री खोकला किंवा छातीत घरघर होऊ लागली तर तो योगायोग समजू नका.

वाफा आणि आग

धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो वेगळा सांगावा लागतो. लॅकर-इनॅमलसारखे रंग किंवा थिनर फवारताना सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसं असलेला रेस्पिरेटर हवा आणि त्यावर कण अडवणारा पूर्वफिल्टर. मास्कच्या आत वास येऊ लागला की काडतूस संपलं. काम झालं की रेस्पिरेटर हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर काडतूस कपाटात पडल्या पडल्या खोलीतली वाफ शोषत राहतं. पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिकला वास कमी, म्हणून मास्क नको असं होत नाही. एअरब्रशमधून त्याचेही सूक्ष्म थेंबच बाहेर पडतात.

स्प्रे बूथची (फवारताना हवा ओढून घेणाऱ्या खोक्याची) नळी खिडकीबाहेर गेली पाहिजे. नुसता जाळीचा फिल्टर रंग अडवतो, वाफ खोलीतच परत सोडतो. ताजी हवा पाठीमागून येईल असं बसा. नाकावर विसंबू नका, काही मिनिटांत ते वासाला सरावतं. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ किंवा नशा चढल्यासारखं वाटणं ही काम थांबवून बाहेर मोकळ्या हवेत जायची खूण आहे. काही पातळ सिमेंटांत डायक्लोरोमिथेन असतं. शरीरात त्याच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि ते पातळ हातमोज्यांतून झटकन आरपार जातं. बाटलीवरचं घटकांचं लेबल वाचा आणि असं सिमेंट बंद खोलीत उघडू नका.

ॲसिटोन उणे वीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ सोडतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल साधारण बारा अंशांना. म्हणजे नेहमीच्या खोलीत दोन्ही कायम पेटायला तयार असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या हीटरपर्यंत पोहोचते. तापलेलं सोल्डरिंग आयर्न आणि उघडा थिनर एका टेबलावर एकाच वेळी नकोत.

थंडीत स्प्रे कॅन कोमट पाण्यात ठेवून रंग पातळ करण्याची रीत ठीक आहे, पण पाण्यात हात सहज बुडवता आला पाहिजे. कॅनवर पन्नास अंशांची मर्यादा छापलेली असते. उकळतं पाणी, शेगडी, हीटर यांच्यावर ठेवलेला कॅन फुटतो.

वेदरिंगसाठी (मॉडेल जुनं-मळकं दिसावं म्हणून) तैलरंग वापरणाऱ्यांच्या चिंध्या हा वेगळाच धोका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि चुरगाळून ढीग केलेल्या चिंध्या कुणी काडी न लावताही पेटू शकतात. त्या सुट्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

थिनर कुणी प्यायलं तर उलटी करवू नका, ते परत वर येताना फुप्फुसात जातं. बाटली सोबत घेऊन थेट इस्पितळ गाठा. आणि थिनर कधीही पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका.

उरलेल्या चार गोष्टी

यूव्ही रेझिन, मग ते थ्रीडी प्रिंटचं असो की नकली पाण्याचं, न गोठलेल्या अवस्थेत कातडीला लागू देऊ नका. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा कायमची, आणि पुढे दातांच्या उपचारांतल्या साहित्याचाही त्रास होऊ शकतो. नायट्राइलचे हातमोजे वापरा आणि रेझिन सांडलं की लगेच बदला. कातडीला लागलंच तर साबणपाण्याने धुवा, अल्कोहोलने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी पसरतं.

सोल्डरिंगचं टोक साडेतीनशे अंशांच्या घरात असतं. पडलं तर तेही पकडायचं नाही. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. सोल्डरच्या धातूत शिसं असेल तर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. जुन्या पांढऱ्या धातूच्या पुतळ्यांतही शिसं असतं, ते घासताना हेच लागू.

मॉडेलमध्ये दिवे लावणाऱ्यांच्या टेबलावर बटन सेल असतात. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतच गंभीर भाजू शकते. लक्षणांची वाट न पाहता तातडीने इस्पितळ. सेल स्क्रूने बंद होणाऱ्या कप्प्यातच बसवा आणि सुटे सेल कुलपात ठेवा.

मान आणि डोळ्यांचं दुखणं अपघातात धरलं जात नाही, पण थकलेली मान आणि शिणलेले डोळे घेऊन 'एवढा एकच भाग' म्हणत बसलेल्याच्या हातून चाकू सर्वांत जास्त निसटतो. काम वर आणा, मान खाली नेऊ नका. दर वीस मिनिटांनी लांबवर पाहा.

टेबल आवरताना

वापरलेली पाती कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका, पिशवी उचलणाऱ्याच्या हातात ती घुसतात. झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा ठेवा. तो भरला की फट चिकटपट्टीने बंद करा आणि डब्यावर 'धारदार पाती' असं लिहून तुमच्याकडच्या नियमानुसार टाका. पातं किंवा त्याचं टोक जमिनीवर पडलं असेल तर ते सापडेपर्यंत अनवाणी कुणाला येऊ देऊ नका. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड टाकला की बारीक धातूही चमकतो, आणि गालिच्यात चुंबक फिरवला की हाती लागतो. चाकूच्या टोकावर बुच किंवा टोपण चढवा, सगळ्या बाटल्या बंद करा, टेबल ओल्या कापडाने पुसा, एअरब्रशच्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा, आयर्नचा प्लग काढा आणि हात नखांसकट साबणाने धुवा. जेवण त्यानंतर.